आपल्या वस्तीची पाटी आणि ऑर्वेलची 'नवभाषा'

उंब्रजमध्ये रविवारी सकाळी वंदना झाल्यावर आम्ही काही कार्यकर्ते मुलामुलींचा वाचनगट घेतो. दहावीपासून पदवीपर्यंतची मुलं येतात. यंदा जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' ही कादंबरी घेतली. इंग्रजी पुस्तक बघून मुलं थोडी बिचकली, म्हणून एकेक प्रकरण आम्ही मराठीत सांगायचं आणि मग चर्चा करायची, असं ठरवलं. 'नवभाषे'चा भाग आला त्या दिवशी अकरावीतल्या एका मुलीने विचारलं, "ताई, मग आमच्या वस्तीची पाटी बदलली, ती पण नवभाषाच झाली की!"

तिच्या गावात वस्तीचं जुनं जातीवाचक नाव जाऊन नव्या नावाची पाटी लागली आहे. पाटीचा रंग ताजा आहे. पण नळाची पाईपलाईन अजूनही वस्तीच्या अलीकडेच थांबते, आणि गावातली बरीच माणसं बोलताना जुनंच नाव घेतात. तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

कादंबरीत नेमकं काय आहे?

ऑर्वेल यांचं मूळ नाव एरिक ब्लेअर. त्यांचा जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीत झाला. तरुणपणी १९२२ ते १९२७ ते ब्रह्मदेशात इंग्रजांच्या पोलीस खात्यात होते. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीच्या ज्या विभागातून हिंदुस्थानसाठी कार्यक्रम प्रसारित होत, तिथे त्यांनी नोकरी केली. सरकार शब्द कसे निवडतं आणि कसे गाळतं, हे त्यांनी आतून पाहिलं होतं. '१९८४' जून १९४९ मध्ये प्रसिद्ध झाली.

कादंबरीत एकच पक्ष सत्तेवर आहे. घराघरात पडदे आहेत, ते दाखवतात आणि पाहतातही. विन्स्टन स्मिथ हा नायक 'सत्य मंत्रालया'त कामाला आहे. त्याचं काम जुनी वर्तमानपत्रं दुरुस्त करण्याचं. पुढाऱ्याचं भाकीत चुकलं की जुन्या अंकातलं भाकीतच बदलायचं. एखादा माणूस नाहीसा केला की त्याचं नाव सगळ्या कागदांवरून काढायचं. जुना कागद भिंतीतल्या एका भोकात टाकायचा, तो खाली भट्टीत जळून जातो.

त्याच मंत्रालयात साइम नावाचा भाषातज्ज्ञ नव्या शब्दकोशाच्या अकराव्या आवृत्तीवर काम करतो. बाकीचे कोश दर आवृत्तीला जाड होतात, हा बारीक होत जातो. 'वाईट' या शब्दाची गरज काय, 'अ-चांगलं' म्हटलं की झालं. 'उत्तम', 'सुंदर', 'अप्रतिम' यांचीही गरज नाही, 'चांगलं'च्या मागे एक-दोन प्रत्यय लावले की पुरे. 'मोकळा' हा शब्द राहील, पण कुत्रा पिसवांपासून मोकळा झाला एवढ्यापुरताच. माणूस मोकळा, विचार मोकळा, हा अर्थ कोशातून गेला की तो डोक्यातूनही जाईल, असा पक्षाचा हिशेब आहे. या भाषेलाच ऑर्वेलनी 'न्यूस्पीक' म्हटलं. आम्ही गटात 'नवभाषा' म्हणतो.

पुढे साइमही नाहीसा होतो. तो पक्षाचा विरोधक नव्हता. तो फक्त काय चाललंय ते फार स्पष्ट बोलत होता.

शब्द हिरावण्याच्या तीन रीती

मुलांना समजावं म्हणून आम्ही फळ्यावर तीन रीती लिहिल्या.

पहिली, शब्दच काढून घेणे. तक्रार करायची तर तक्रारीचा शब्द हवा. तो नसेल तर दुःख पोटात राहतं, बाहेर येत नाही. मार्गारेट अॅटवूड यांच्या १९८५ सालच्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीत बायकांना वाचायला बंदी आहे. दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं नाहीत, नुसती चित्रं आहेत. बायकांची स्वतःची नावंही काढून घेतलेली आहेत. ज्या पुरुषाच्या घरी ठेवलं, त्याच्या नावावरून त्यांना हाक मारली जाते.

दुसरी, उलटं नाव देणे. ऑर्वेलच्या कादंबरीत युद्ध चालवणारं खातं 'शांतता मंत्रालय' आहे आणि छळ करणारं खातं 'प्रेम मंत्रालय'. टंचाईचा कारभार 'सुबत्ता मंत्रालय' बघतं. चॉकलेटचा शिधा तीस ग्रॅमवरून वीस ग्रॅम होतो आणि दुसऱ्या दिवशी तो वाढवून वीस केल्याबद्दल लोक पुढाऱ्याचे आभार मानतात.

तिसरी, लिहिलेली नोंद बदलणे. ऑर्वेलच्याच 'अॅनिमल फार्म' या १९४५ सालच्या छोट्या कादंबरीत प्राणी मालकाला हाकलून देतात आणि गोठ्याच्या भिंतीवर सात नियम लिहितात. पुढे सत्ता डुकरांच्या हातात जाते. एकेका रात्री एकेका नियमाला दोन-तीन शब्दांचं शेपूट जोडलं जातं आणि नियमाचा अर्थ फिरतो. क्लोव्हर घोडीला काहीतरी बदलल्यासारखं वाटतं, पण तिला धड वाचता येत नाही. ती दुसऱ्याकडून वाचून घेते, आणि भिंतीवर तसंच लिहिलेलं आहे म्हटल्यावर आपलीच आठवण चुकली असं तिला वाटतं.

इथवर आल्यावर मागे बसलेला एक मुलगा म्हणाला, "हे तर आमच्या आज्याचंच झालं. कागदावर काय होतं ते त्याला कुणी सांगितलंच नाही." ऑर्वेलना ही गोष्ट कल्पनेत रचावी लागली. आपल्याकडे ती गावोगाव घडत होती, आणि तिच्यासाठी पडदे, कॅमेरे, मंत्रालयं यांतलं काहीच लागलं नाही.

मसूर स्टेशनवरचा एक शब्द

उंब्रजपासून मसूर काही मैलांवर आहे. मसूर स्टेशन आपल्या सर्वांच्या पायाखालचं. १९०१ साली याच स्टेशनवर साताऱ्याहून आलेल्या गाडीतून काही मुलं उतरली. त्यात दहा वर्षांचा भीमराव होता. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर खजिनदार होते. मुलं सुट्टीत त्यांच्याकडे निघाली होती. पत्र वेळेवर न पोहोचल्यामुळे न्यायला कुणी आलं नव्हतं.

बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर टिपणात लिहून ठेवला आहे. मुलांचे कपडे चांगले, बोलणं चांगलं. स्टेशनमास्तरला ती ब्राह्मणाची मुलं वाटली, म्हणून त्याने आपुलकीने चौकशी केली. मुलांनी भाबडेपणाने आपली जात सांगितली आणि मास्तरचा चेहरा बदलला. स्टेशनबाहेर बैलगाड्या होत्या, पण एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, तेही मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचं या अटीवर. वाटेत जकात नाक्यावर पाणी मिळावं म्हणून आपण मुसलमान असल्याचं सांगा, असा सल्ला त्यांना मिळाला. छोट्या भीमरावाने उर्दूत बोलून तेही करून पाहिलं. पाणी मिळालं नाही. शिदोरी सोबत असूनही मुलं उपाशी झोपली.

आम्ही मुलांना विचारलं, स्टेशनवर नेमकं काय बदललं? मुलं तीच, कपडे तेच, भाडं द्यायला पैसेही तेच. मध्ये आला तो एक शब्द. त्या एका शब्दात माणसाने कुठे बसायचं, काय प्यायचं, कोणाला हाक मारायची, हे सगळं आधीच भरून ठेवलेलं होतं.

'१९८४'मध्ये पाळत ठेवायला पोलीस लागतात. जातीच्या भाषेत स्टेशनमास्तर, गाडीवान आणि नाकेदार या तिघांनी एकमेकांना न विचारता एकच काम केलं. हा फरक समाजशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हुकूमशहा मेला तर हुकूमशाही पडू शकते. जी हुकूमत सगळ्यांच्या तोंडातल्या भाषेत वाटून ठेवलेली असते, तिला पाडायला एक माणूस हटवून भागत नाही.

राबणुकीचं नाव 'वतन'

मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नाव कसं ठेवावं याचा नियम आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल, क्षत्रियाचं बळ दाखवणारं, वैश्याचं धन दाखवणारं आणि शूद्राचं तुच्छता दाखवणारं असावं. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत कचरू, धोंडू, दगडू ही नावं घरोघर होती. मूल जगावं म्हणून अशी नावं इतर समाजांतही ठेवत, हे खरं आहे. पण नाव कितीही चांगलं असलं तरी गावात हाक मारताना त्याला 'या' लावून ते तोडलं जाई, हे मात्र सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही.

उलट्या नावाचं आपल्याकडचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे महार वतन. वतन म्हटलं की जमीन, मान, वारसाहक्क डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात हे वतन म्हणजे दिवसरात्र गावाची आणि सरकारची कामं करण्याचं बंधन होतं. सांगावा पोहोचवणं, सारा वसुलीला पाटलाबरोबर फिरणं, मेलेली जनावरं ओढणं, वेशीवर पहारा. मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागून आणायची भाकरी. त्या भाकरीलाही 'हक्क' म्हणायचं. बावन्न हक्कांची सनद असल्याची कथा पिढ्यानपिढ्या अभिमानाने सांगितली गेली. राबणुकीला 'वतन' आणि मागून खाण्याला 'हक्क' म्हटलं की भांडायचं कशाविरुद्ध? आपला हक्क कोण सोडेल?

बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारं विधेयक मांडलं. त्या वेळी ते मंजूर झालं नाही. पुढे कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा १९५८ साली झाला. मधल्या तीस वर्षांत लढाई जमिनीची आणि कायद्याची तर होतीच. 'वतन' या गोड शब्दाचा मोह आपल्याच माणसांच्या मनातून काढण्याचीही ती लढाई होती.

'हरिजन' : दुसऱ्याने ठेवलेलं नाव

गांधीजींनी अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द रूढ केला. १९३३ साली त्याच नावाचं साप्ताहिक सुरू झालं. शब्द ऐकायला गोड होता. आपल्या लोकांना तो नको होता. जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात लोकल बोर्डांच्या कायद्यातील दुरुस्तीत हा शब्द आला, तेव्हा बाबासाहेब, दादासाहेब गायकवाड आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी विरोध केला. ज्यांच्यासाठी नाव आहे त्यांना विचारा, ही त्यांची साधी मागणी होती. बहुमताने ती फेटाळली गेली आणि त्यांनी सभात्याग केला.

एका शब्दासाठी सभात्याग कशाला, असं आजही कुणी विचारतं. 'अस्पृश्य' म्हटलं की लगेच प्रश्न येतो, स्पर्श नाकारला कोणी? 'बहिष्कृत' म्हटलं की बहिष्कार कोणी घातला हे विचारावं लागतं. 'दलित' म्हटलं की दळणारा कोण, हे आपोआप पुढे येतं. या शब्दांच्या पोटात अन्याय करणाऱ्याचा पत्ता आहे. 'हरिजन'मध्ये तो पत्ता पुसला जातो आणि दयेला जागा होते.

बाबासाहेबांनी आपल्या पत्रांची नावं ठेवली ती पाहा. १९२०चं 'मूकनायक', १९२७चं 'बहिष्कृत भारत', १९३०चं 'जनता', १९५६चं 'प्रबुद्ध भारत'. मुक्यापासून प्रबुद्धापर्यंतचा हा प्रवास आहे आणि प्रत्येक नाव स्वतः निवडलेलं आहे.

ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राच्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना 'दलित'ऐवजी 'अनुसूचित जाती' हा घटनेतला शब्द वापरण्याची सूचना केली. त्याआधी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा आदेश होता. आपल्यातही यावर दोन मतं आहेत. आम्ही बौद्ध आहोत, दलित नाही, असं म्हणणारे खूप आहेत आणि त्यांचं म्हणणं धम्मदीक्षेच्या अर्थाला धरून आहे. पण स्वतःसाठी 'बौद्ध' म्हणणं आणि बातमीतून 'दलित' हा शब्द काढायला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आपली निवड आहे. दुसरीत १९७२ साली दलित पँथरने छाती पुढे काढून घेतलेला शब्द वरून काढायला सांगितला जातो. त्याच्या जागी 'अनुसूचित' येतं, म्हणजे यादीत असलेला. यादीत का आहे, हे तो शब्द सांगत नाही.

कराड, डिसेंबर १९७५

राज्यसंस्थेची नवभाषा कशी असते, हे आपल्या शेजारी कराडने पाहिलं आहे. २५ जून १९७५ रोजी देशात आणीबाणी जाहीर झाली. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. छापण्याआधी मजकूर दाखवायचा, अधिकाऱ्याने काट मारली की ओळ गेली. काही पत्रांनी निषेध म्हणून अग्रलेखाची जागा कोरी सोडली, तर त्या कोऱ्या जागेचीही सरकारला भीती वाटली. तुरुंग भरलेले असताना विनोबांच्या नावाने 'अनुशासन पर्व' हा शब्दप्रयोग देशभर फिरवला गेला. दडपशाहीला शिस्त म्हटलं की विरोध करणारा बेशिस्त ठरतो. दुसऱ्या रीतीचं यापेक्षा सरळ उदाहरण नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात कराडला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण होते, त्या वेळी ते केंद्रात परराष्ट्रमंत्री होते. अध्यक्षा होत्या दुर्गाबाई भागवत. सरकारचा मंत्री समोर असताना, सेन्सॉर चालू असताना, दुर्गाबाईंनी लेखनस्वातंत्र्यावरच्या घाल्याविरुद्ध उघड बोललं आणि कैदेत आजारी पडलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी उपस्थितांना प्रार्थना करायला लावली. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली.

आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. याच दुर्गाबाईंनी आरंभीच्या बौद्ध न्यायव्यवस्थेवर, म्हणजे विनयातल्या नियमांवर अभ्यासग्रंथ लिहिला आणि जातककथा 'सिद्धार्थ जातक' या नावाने मराठीत आणल्या. भिक्खूसंघात आरोप समोरासमोर मांडायचा, आरोप झालेल्याला बोलू द्यायचं, मग संघाने ठरवायचं, या शिस्तीचा त्यांनी अभ्यास केला होता. शिस्त आणि दडपशाही यांतला फरक त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मृत्यू झाले, पण 'त्या' कामामुळे नाहीत

ही जुनी गोष्ट झाली असं वाटत असेल तर अलीकडचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितलं की २०२० अखेरच्या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टाक्या साफ करताना ३४० माणसं दगावली. त्याच वर्षी जुलैत राज्यसभेत उत्तर आलं की हाताने मैला साफ करण्यामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही.

दोन्ही उत्तरं एकाच सरकारची. युक्ती शब्दाच्या व्याख्येत आहे. हाताने मैला उचलणं वेगळं आणि गटाराची 'धोकादायक सफाई' वेगळी, अशी कागदावर विभागणी केली की पहिल्या रकान्यात शून्य येतं. विषारी वायूने गुदमरलेला माणूस दुसऱ्या रकान्यात जातो. तो कोणत्या समाजाचा होता हे सगळ्यांना माहीत असतं. वीस ग्रॅम चॉकलेटची गोष्ट मुलांना हसू आणणारी वाटली होती. हे दोन रकाने फळ्यावर काढल्यावर कुणी हसलं नाही.

तथागतांची वाट

मग भाषा बदलायचीच नाही का? तसं असतं तर धम्मच उभा राहिला नसता. तथागतांनी जुने शब्द घेतले आणि त्यांचा अर्थ बदलला. वसल सुत्तात 'वृषल' म्हणून हिणवणाऱ्यालाच त्यांनी विचारलं, वृषल कोण हे तुला माहीत आहे का? मग रागीट, हिंसक, चोर, आईबापांना न सांभाळणारा, अशी एकेक लक्षणं सांगत माणूस जन्माने नव्हे तर कर्माने वृषल किंवा ब्राह्मण होतो, हे पटवून दिलं. शब्द तोच, पण त्याचा आधार जन्मावरून वागण्यावर आणला. हे उघड, समोरच्याशी बोलून, त्याला विचार करायला लावून केलं. ऐकणाऱ्याला नाही म्हणायची मुभा होती.

विनयात आणखी एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी तक्रार केली की नाना जातींचे, नाना प्रदेशांचे भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवतात, तेव्हा ते छंदस् भाषेत बांधून टाकू. तथागतांनी परवानगी दिली नाही. ज्याने त्याने आपल्या भाषेत शिकावं, असं सांगितलं. सत्ता भाषा आकसून मूठभरांच्या ताब्यात देते. तथागतांनी ती उघडी ठेवली.

सम्यक वाचा हा अष्टांगिक मार्गाचा भाग आहे. खोटं, चहाडी, कठोर बोलणं आणि निरर्थक बडबड या चार गोष्टी टाळणं, असं आपण वंदनेनंतर दर रविवारी मुलांना शिकवतो. पण त्याचा अर्थ फक्त गोड बोलणं असा घेतला तर चुकेल. अन्यायाला गोड नाव देणंही असत्य वचनच आहे.

आणि एक दिलासाही आहे. शब्द काढून घेतले की विचार पूर्ण मरतो, हा कादंबरीतल्या पक्षाचा हिशेब आपल्या इतिहासाने खोटा ठरवला. आपल्या आज्यांना अक्षर दिलं गेलं नाही, तरी त्यांनी जात्यावर ओव्या गायल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. 'जोहार मायबाप' म्हणायला लावलेल्या समाजाने 'जय भीम' हा शब्द घडवला. कामठीच्या बाबू हरदास यांच्या प्रयत्नाने रुजलेला हा नमस्कार कोणत्याही सरकारी आदेशाने आला नाही.

मग वस्तीच्या पाटीचं काय?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातीवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली अशी नावं जाऊन समता नगर, भीम नगर, ज्योतीनगर, शाहू नगर, क्रांती नगर अशी नावं द्यावीत, असं त्यात होतं. निर्णय चांगला आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधार कार्डावर, नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिला की जात उघडी पडायची, ते थांबणं गरजेचं होतं. मसूर स्टेशनवरचा तो शब्द पत्त्यातून तरी गेला.

पण बदलायच्या नावांच्या यादीत 'बौद्धवाडा'ही होता. बौद्ध ही जात नाही. १९५६ नंतर आपण स्वतः निवडलेलं ते नाव आहे. गावाने 'बौद्धवाडा' हे जुन्या नावाचंच नवं रूप म्हणून वापरलं, हे खरं. म्हणून ते बदलावं की राखावं, हे त्या त्या वस्तीने ठरवायला हवं.

म्हणून नवं नाव आलं की आम्ही मुलांना चार प्रश्न विचारायला सांगितले.

१. हे नाव कोणी निवडलं? वस्तीतल्या लोकांना, त्यातल्या बायकांना विचारलं का?

२. या नावाने बोलायला जास्त जागा मिळाली की कमी झाली?

३. नावाबरोबर काही बदललं का? पाणी, रस्ता, स्मशानभूमी, ग्रामसभेतली खुर्ची?

४. आधी काय होतं, ते सांगायला आणि लिहायला मोकळीक राहिली का?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. भीम नगर ही पाटी लावा, आनंद आहे. पण उद्या कुणी म्हणेल की या गावात कधी वेगळी वस्ती नव्हतीच, इथे सगळे गुण्यागोविंदाने राहत होते, तर ती पाटी भिंतीतलं भोक होईल. जुनं नाव पत्त्यातून जावं, इतिहासातून जाऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकून वस्तीचा इतिहास वहीत लिहून काढा, असं काम आम्ही गटाला दिलं आहे.

कागदावर सही करण्याआधी

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. आम्ही लोकांना तक्रारीचे अर्ज लिहायला मदत करतो. जातीवरून शिवीगाळ झालेली असते आणि कागदावर 'किरकोळ बाचाबाची' उतरते, असं आम्ही पाहिलं आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९चा आहे. त्यात लोकांच्या नजरेसमोर जाणीवपूर्वक केलेला जातीय अपमान आणि जातीचं नाव घेऊन केलेली शिवीगाळ हे गुन्हे आहेत. 'वाद झाला' असं लिहिलं की गुन्ह्याचा गाभाच जातो. म्हणून कोणते शब्द उच्चारले ते जसेच्या तसे लिहा, लाज वाटली तरी लिहा. जागा, वेळ आणि कोणी ऐकलं तेही लिहा.

या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तोंडी दिलेली माहिती पोलिसांनी लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती तक्रारदाराला वाचून दाखवणं आणि तिची प्रत देणं हे त्यांचं कर्तव्य आहे, असं कलम ४ मध्ये नमूद आहे. तेव्हा वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नका. वाचताना एखादा शब्द बदललेला आढळला तर तो दुरुस्त करायला सांगा. क्लोव्हर घोडीला भिंत वाचता आली नाही. आपल्या घरात आता वाचणारं एक तरी लेकरू आहे. पोलीस ठाण्यात जाताना त्याला सोबत न्या.

पुढच्या रविवारी त्या मुलीला आम्ही हेच उत्तर दिलं. तिने वहीत चारही प्रश्न उतरवून घेतले आणि म्हणाली, "तिसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे, ताई. पाणी नाही." येत्या ग्रामसभेत हा प्रश्न लेखी द्यायचा असं गटाने ठरवलं आहे. अर्ज तीच लिहिणार आहे. नव्या नावाच्या वस्तीत जुनीच टंचाई का, असं सरळ शब्दांत.

नमो बुद्धाय! जय भीम!